सैनिकाच्या पेटीतील फोटो आणि सावलीची साक्ष

समजा, एखाद्या जुन्या पत्र्याच्या पेटीत तुम्हांला चाळीसएक फोटो सापडले. काळे-पांढरे, कडा पिवळ्या पडलेल्या, आकाराने पोस्टकार्डापेक्षाही लहान. काहींत गणवेशातले सैनिक आहेत, काहींत तंबू आहेत, काहींत लांबच लांब कौलारू बराकी आहेत, तर एका फोटोत नुसता एक खांब आणि त्यामागे डोंगर. पाठीमागे बहुतेकांवर काहीच लिहिलेले नाही. फोटो ज्याने जमवले तो सैनिक आता हयात नाही. हे फोटो कुठले, केव्हाचे, कोणाचे, हे सांगणारे कोणीही उरलेले नाही.

मग हे फोटो मुके झाले असे म्हणायचे का? नाही. साक्षीदार गेला, तरी पुरावा शिल्लक असतो. तो कसा वाचायचा, हे या लेखात पाहू या. त्यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान तुमच्या आठवी ते दहावीच्या विज्ञान, भूगोल आणि भूमितीच्या पुस्तकांत आहे.

छावणीचे गाव

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. उल्हासनगर हे नाव मात्र जुने नाही. दुसऱ्या महायुद्धात या जागी सैन्याची मोठी छावणी होती. ‘कल्याण ट्रान्झिट कॅम्प’ असे तिला म्हणत. ट्रान्झिट म्हणजे वाटेतला मुक्काम. मुंबई बंदरात उतरलेले किंवा तेथून परदेशी जाणारे सैनिक येथे थांबत. नोंदीनुसार येथे २,१२६ बराकी होत्या. त्यांपैकी बहुतेकींत मधोमध मोठे दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी रचना होती.

युद्ध संपले आणि छावणी ओस पडली. १९४७ मध्ये फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना याच रिकाम्या बराकींत आसरा मिळाला. एका दालनात पडदे लावून अनेक कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि तिला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील लोक ‘कॅम्प नंबर चार’ असे सहज बोलून जातात, आणि पुष्कळ पत्त्यांत बराकीचा क्रमांक असतो. छावणी गेली, पण तिची भाषा राहिली.

बराकी मात्र एकेक करून पडल्या आणि त्यांच्या जागी इमारती आल्या. ज्या कुटुंबांनी येथे नवे आयुष्य सुरू केले, त्यांतील अनेकांना येताना घरचे फोटोसुद्धा आणता आले नव्हते. मग त्यांचे पहिले घर मुळात कसे दिसत होते, हे कोण सांगणार? त्यांच्या आधी तेथे राहून गेलेल्या सैनिकांच्या पेट्यांतले फोटोच ते सांगू शकतील. परक्या माणसाने सहज टिपलेला फोटो असा दुसऱ्या कोणाच्या तरी इतिहासाचा एकमेव पुरावा ठरू शकतो.

सैनिक फोटो का जमवीत?

घरापासून हजारो मैल दूर असलेल्या माणसाला आपण काय पाहिले ते घरी दाखवावेसे वाटते. काही सैनिकांजवळ स्वतःचा कॅमेरा असे. इतर जण सोबत्यांकडून प्रती मागून घेत, किंवा छावणीजवळच्या स्टुडिओतून विकत घेत. त्यामुळे एकाच पेटीत निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या देशांत काढलेले फोटो एकत्र होतात. म्हणूनच ‘पेटी एका सैनिकाची आहे, तेव्हा सर्व फोटो त्यानेच काढले,’ असे मानणे ही पहिली चूक होय.

अशा काही संग्रहांचे भाग्य थोर. क्लाइड वॅडेल हा अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातला वृत्तपत्र-छायाचित्रकार युद्धकाळात सैन्यात दाखल होऊन आपल्याकडे आला. त्याने कोलकात्याच्या ६० छायाचित्रांचा संच तयार केला आणि प्रत्येकाखाली मजकूर लिहिला. ग्लेन हेन्स्ले हा अमेरिकी हवाई दलातला छायाचित्र-तंत्रज्ञ. त्याने १९४४ मध्ये कोलकाता आणि परिसरात काढलेली छायाचित्रे आता शिकागो विद्यापीठामार्फत कोणालाही पाहता येतात. या दोघांचेही कसब होते, पण संग्रह मोलाचा ठरला तो आणखी एका कारणाने. फोटोंबरोबर त्यांची माहितीही टिकली.

साध्या सैनिकाच्या फोटोंवर माहिती का नसते? आळस हे एक कारण असेल. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. युद्धकाळात सैनिकांची पत्रे सेन्सॉर होत. आपण नेमके कोठे आहोत हे लिहिण्यास मनाई असे, कारण ते पत्र शत्रूच्या हाती लागले तर पलटणीचा ठावठिकाणा कळेल. मग फोटोमागे ‘भारतात कुठेतरी’ एवढेच लिहिले जाई, किंवा काहीच नाही.

फोटो म्हणजे चांदीचे चित्र

तपासाला लागण्यापूर्वी पुरावा कशाचा बनला आहे ते समजून घेऊ. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो, आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइड या क्षाराचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीच्या मोजक्या अणूंचे बारीक केंद्र तयार होते. डोळ्यांना अजून काहीच दिसत नाही. डेव्हलपर नावाच्या द्रावणात फिल्म बुडवली, की अशा केंद्राभोवतीच्या संपूर्ण स्फटिकाचे चांदीत रूपांतर होते. ही चांदी दागिन्यासारखी चमकत नाही. तिचे बारीक, गुंतलेले तंतू प्रकाश शोषून घेतात, म्हणून ती काळी दिसते. प्रकाश न लागलेले स्फटिक ‘हायपो’ने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, विरघळवून काढावे लागतात. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये शोधला होता. शेवटी फिल्म भरपूर पाण्यात धुतात.

निगेटिव्हवर उजेडाची जागा काळी आणि सावलीची जागा पारदर्शक असते. त्यातून प्रकाश पाठवून कागदावर हीच क्रिया पुन्हा केली, की उजेड पांढरा आणि सावली काळी होते. थोडक्यात, फोटोतली प्रत्येक सावली ही ‘येथे त्या क्षणी सूर्यप्रकाश पोचला नाही’ अशी निसर्गाने केलेली नोंद आहे.

आता एक सावधगिरी. त्या काळच्या पुष्कळ फिल्म तांबड्या रंगाला आंधळ्या होत्या. कोडॅकची ‘व्हेरीक्रोम’ ही लोकप्रिय फिल्म १९५६ पर्यंत अशाच प्रकारची होती. अशा फिल्मवर लाल वस्तू जवळजवळ काळी उमटते. चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या खांद्यावरील चिन्हात गडद पार्श्वभूमीवर लाल गरुड असे. अशा फिल्मवर तो गरुड पार्श्वभूमीत मिसळून जाईल! तेव्हा ‘चिन्ह दिसत नाही, म्हणजे नव्हते,’ असे म्हणण्याची घाई करू नये.

आधी डावे-उजवे तपासा

निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला तर डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे जाते. मग पूर्व-पश्चिमही बदलते आणि पुढचे सगळे गणित चुकते. म्हणून पहिला प्रश्न हाच : चित्र सुलटे आहे ना?

फोटोत पाटीवर अक्षरे असतील तर काम झाले. नसतील तर शर्टाची बटणे पाहा. पुरुषांच्या शर्टात बटणे सहसा घालणाऱ्याच्या उजव्या बाजूच्या पट्टीवर आणि काजी डाव्या बाजूला असतात. घड्याळ बहुतेक लोक डाव्या मनगटावर बांधतात, पण सर्वच नव्हे. एका पुराव्यावर विसंबू नये, दोन-तीन जुळले तरच निष्कर्ष काढावा.

सावली अक्षांश सांगते

आता मुख्य साक्षीदाराकडे वळू. तो म्हणजे सावली.

मध्यान्हीला, म्हणजे सूर्य आकाशात सर्वांत उंच असताना, सरळ उभ्या काठीची सावली किती पडेल हे दोन गोष्टींवर ठरते : त्या जागेचा अक्षांश आणि त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे. उल्हासनगर सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला सूर्य २३.४ अंश उत्तरेला असतो, म्हणजे उल्हासनगरच्या डोक्यावरून तो ४.२ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. २२ डिसेंबरला तो २३.४ अंश दक्षिणेला असतो, तेव्हा फरक १९.२ अधिक २३.४, म्हणजे ४२.६ अंश होतो. या कोनाची टॅन्जंट किंमत काठीच्या उंचीने गुणली की सावलीची लांबी मिळते.

तुलनेसाठी इटलीतील मोंतोने हे गाव घेऊ. ते सुमारे ४३.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ते का निवडले, हे लेखाच्या शेवटी कळेल. एक मीटर उंच काठीची मध्यान्हीची सावली अशी येते :

उल्हासनगर, २१ जून : सुमारे ७ सेंटिमीटर, दक्षिणेकडे.
उल्हासनगर, २२ डिसेंबर : सुमारे ९२ सेंटिमीटर, उत्तरेकडे.
मोंतोने, २१ जून : सुमारे ३६ सेंटिमीटर, उत्तरेकडे.
मोंतोने, २२ डिसेंबर : सुमारे २३३ सेंटिमीटर, उत्तरेकडे.

या आकड्यांत एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. मोंतोनेला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. वर्षातल्या सर्वांत उंच सूर्यालाही तेथे एक तृतीयांश उंचीहून अधिक सावली पडते. उल्हासनगरला मात्र वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशीच नाहीशी होते. यालाच आपण ‘शून्य सावली दिन’ म्हणतो. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो.

तेव्हा पेटीतल्या एखाद्या फोटोत सैनिकाची सावली त्याच्या बुटांभोवतीच गोळा झालेली असेल, तर तो फोटो इटलीतला असूच शकत नाही, मागे कोणी काहीही लिहिलेले असो. उलट, लांब सावली दिसली म्हणून तो इटलीचा ठरत नाही, कारण सकाळ-संध्याकाळी सावल्या सगळीकडेच लांब असतात. छोटी सावली पुष्कळ सांगते, लांब सावली थोडे सांगते. पुराव्यांची ताकद अशी सारखी नसते, हे ध्यानात ठेवा.

घड्याळ खोटे बोलते का?

आता एक कोडे सोडवू. समजा, आपल्या पेटीतल्या खांबाच्या फोटोमागे पेन्सिलीने लिहिले आहे : ‘कल्याण, दुपारी १-३०’. साल नाही, महिना नाही. फोटोत खांबाची सावली जवळजवळ दिसतच नाही. जमीन कोरडी आणि भेगाळलेली आहे, गवत वाळलेले आहे.

एक विद्यार्थी म्हणतो, ‘हे चूक आहे. सावली नाही म्हणजे मध्यान्ह हवी. दीड वाजेपर्यंत सूर्य पश्चिमेकडे ढळलेला असतो.’ त्याचे म्हणणे तपासू.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. उल्हासनगर सुमारे ७३.२ अंशांवर आहे. एक रेखांश म्हणजे चार मिनिटे, म्हणून ९.३ अंशांना सुमारे ३७ मिनिटे. म्हणजे आपल्या आजच्या घड्याळात बारा वाजून सरासरी ३७ मिनिटांनी तेथे खरी मध्यान्ह होते. (पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा आस कललेला असल्यामुळे हा क्षण वर्षभरात सुमारे पाव तास मागेपुढे होतो. मेच्या मध्याला तो १२ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास येतो.) त्यानंतर जवळजवळ तासाने, दीड वाजता, एक मीटर काठीची सावली सुमारे पाव मीटर पडलेली असेल. फोटोत ती नाही. मग विद्यार्थ्याचे बरोबर आहे का?

थांबा. १ सप्टेंबर १९४२ रोजी युद्धामुळे भारतातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती. संध्याकाळी दिवे कमी वेळ लागावेत आणि इंधन वाचावे हा त्यामागचा हेतू. हा ‘युद्धकाळ’ ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत चालू होता. त्या घड्याळाप्रमाणे मेच्या मध्याला मध्यान्ह होई १ वाजून ३४ मिनिटांनी! म्हणजे सैनिकाने लिहिलेले दीड वाजता हे अगदी बरोबर होते. चूक आपली होती. आपण आपले घड्याळ त्याच्या मनगटावर बांधले.

आता पुढचा धागा पाहा. सावली शून्य, म्हणून मेचा मध्य किंवा जुलैची अखेर. जमीन कोरडी, गवत वाळलेले. आपल्याकडे जुलैअखेर चिखल आणि हिरवळ असते. म्हणून मेचा मध्य. घड्याळ एक तास पुढे, म्हणून मे १९४२ नव्हे, कारण तेव्हा घड्याळे पुढे केलेली नव्हती. मे १९४६ ही नव्हे, कारण तोवर ती पूर्ववत झाली होती. उरली तीनच वर्षे : १९४३, १९४४ किंवा १९४५. एका खांबाने, कोरड्या जमिनीने आणि पेन्सिलीच्या तीन आकड्यांनी मिळून फोटोची तारीख तीन पंधरवड्यांत आणून ठेवली!

हे कोडे रचलेले आहे हे खरे, पण त्यातले सूर्याचे आणि घड्याळांचे आकडे खरे आहेत. तुमच्या हाती येणाऱ्या कोणत्याही जुन्या फोटोवर तीच रीत चालेल. फक्त मुंबई परिसराबाबत आणखी एक गोष्ट विसरू नका. मुंबईत प्रमाणवेळेव्यतिरिक्त ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ही १९५५ पर्यंत काही ठिकाणी पाळली जाई.

डोंगर जागा सोडत नाही

वेळ कळली, आता जागा. माणसे जातात, बराकी पडतात, रस्ते बदलतात, पण डोंगराची कड शंभर वर्षांत फारशी बदलत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातून मलंगगडाचा सुळका ओळखता येतो. उल्हासनगरहून तो साधारण दक्षिणेस दिसतो, तर बदलापूरहून पश्चिम आणि नैर्ऋत्य यांच्या दरम्यान. आपण जागा बदलली की शिखरांचा एकमेकांशी असलेला क्रम आणि अंतर बदललेले भासते. चालत्या गाडीतून जवळचे झाड मागे पळते आणि दूरचा डोंगर सोबत येतो, तोच हा पराशय. म्हणून फोटोतल्या शिखरांचा क्रम प्रत्यक्षाशी जुळवत चालत गेलात, तर ज्या जागी तो तंतोतंत जुळेल तेथे कधीकाळी कॅमेरा उभा होता.

डोंगर ओळखला की दिशाही कळते. उल्हासनगरात मलंगगडाकडे तोंड करून फोटो काढला असेल, तर डावीकडे पूर्व आणि उजवीकडे पश्चिम. सावल्या उजवीकडे पडल्या असतील तर सकाळ, डावीकडे असतील तर दुपारनंतरची वेळ. निगेटिव्ह उलटी तर नाही ना, हे आधी तपासण्याचे महत्त्व आता पटले असेल.

बराकीच्या भिंतीवर क्रमांक दिसला तर सोन्याहून पिवळे. वसाहतीतल्या जुन्या पत्त्यांतील बराकींचे क्रमांक आणि ज्येष्ठ रहिवाशांच्या आठवणी यांच्याशी तो ताडून पाहता येईल.

उंची मोजायची असेल तर समरूप त्रिकोण आहेतच. फोटोत १७० सेंटिमीटर उंचीच्या सैनिकाची सावली त्याच्या उंचीच्या निम्मी दिसत असेल आणि शेजारच्या खांबाची सावली जमिनीवर तीन मीटर असेल, तर खांब सहा मीटरचा. अट एवढीच की जमीन सपाट हवी आणि दोघेही कॅमेऱ्यापासून साधारण सारख्या अंतरावर हवेत.

पुरावा मरतो कसा?

एवढा बोलका साक्षीदार हळूहळू मरतही असतो. घाईत छापलेला फोटो नीट धुतला नाही तर हायपो कागदातच राहतो. त्यातील गंधक चांदीशी संयोग पावतो, सिल्व्हर सल्फाइड बनते आणि फोटो पिवळा-तपकिरी पडतो. घरातले चांदीचे भांडे काळवंडते, त्याच जातीची ही क्रिया. दमट हवेत फोटोच्या गडद भागांवर, विशेषतः कडांना, निळसर आरशासारखी झाक येते. चांदीचे आयन पृष्ठभागाकडे सरकून तेथे पुन्हा चांदी होतात, म्हणून असे घडते. आणि जिलेटिन हे प्रथिन असल्यामुळे पावसाळ्यात त्यावर बुरशी आनंदाने वाढते.

उल्हास नदीच्या खोऱ्यात तर पुराचाही धोका आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूर, उल्हासनगर, कल्याण भागांत हजारो घरांत पाणी शिरले. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात, फोटो घेता येत नाहीत. म्हणून काही गोष्टी प्रत्येक घराने पाळाव्यात.

फोटो जमिनीलगत किंवा बाहेरच्या भिंतीलगतच्या कपाटात ठेवू नयेत. फोटोवर चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, फोटो सपाट ठेवून, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेन दाबले जाते आणि शाई झिरपते. भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत. ते स्वच्छ, थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुटू द्यावेत आणि टिपकागदावर, चित्राची बाजू वर ठेवून, सावलीत वाळवावेत. फोटोची डिजिटल प्रत काढताना पाठीमागची बाजूही टिपावी. मूळ फोटो मात्र टाकून देऊ नये.

आजकाल संगणक जुन्या फोटोत रंग भरून देतो, अस्पष्ट चेहरा स्पष्ट करून देतो. गंमत म्हणून ते छान आहे. पण संगणकाला त्या सैनिकाचा चेहरा माहीत नसतो. तो इतर हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज चित्रात भरतो. म्हणून अशी प्रत वेगळी ठेवावी, तिच्यावर तसे स्पष्ट लिहावे आणि निष्कर्ष नेहमी मूळ फोटोवरूनच काढावेत. जे दिसत नाही ते दिसत नाही असे म्हणणे, हा विज्ञानाचा पहिला प्रामाणिकपणा आहे.

एकाच सूर्याखाली

आता मोंतोनेविषयी. रायगड जिल्ह्यातील, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील, माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीवर शत्रूच्या मशीनगनचा मारा झाला. सोबतचे सर्व जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले, त्यांनी ते ठाणे निकामी केले आणि त्यानंतर शत्रूच्या गोळ्यांनी ते कोसळले. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले. त्यांतल्या अनेकांच्या घरी एखादा फोटोच परत आला असेल.

२०२३ मध्ये मोंतोने येथे घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारण्यात आले. ते पुतळ्याच्या रूपात नाही. ते आहे सावलीचे घड्याळ! त्याच्या बोधवाक्याचा अर्थ असा : आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

गणित करून पाहा. १० जुलैला सूर्य सुमारे २२.२ अंश उत्तरेला असतो. त्या मध्यान्ही मोंतोनेला एक मीटर काठीची सावली सुमारे ३९ सेंटिमीटर, उत्तरेकडे पडते. माणगावचा अक्षांश सुमारे १८.२ अंश. तेथे त्याच दिवशी, पावसाळी ढग फाटले तर, सावली पडेल फक्त ७ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे. सूर्य एकच, दिवस एकच, पण दोन्हीकडच्या सावल्यांची तोंडे विरुद्ध दिशांना.

तेव्हा घरी, शेजारी किंवा आजोळी असे जुने फोटो असतील, तर रद्दीत जाण्यापूर्वी ते एकदा नीट पाहा. आणि ते ओळखू शकणारे वडीलधारे माणूस हयात असेल, तर आजच त्यांच्यापाशी बसून नावे विचारून घ्या. सावली तारीख सांगेल, डोंगर जागा सांगेल, पण माणसाचे नाव फक्त माणूसच सांगू शकतो.

करून पाहा

१. शाळेच्या पटांगणात एक मीटर उंच काठी ओळंब्याने सरळ उभी करा. दुपारी बारा ते सव्वा या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वांत लहान सावली किती वाजता पडली? तिच्यावरून आपल्या गावाचा रेखांश काढता येईल का?

२. त्याच सावलीच्या लांबीवरून त्या दिवशीची सूर्याची मध्यान्हीची उंची काढा. डिसेंबरमध्ये आणि मार्चमध्ये हाच प्रयोग पुन्हा करून तुलना करा.

३. एखाद्या फोटोमागे ‘उल्हासनगर, २२ डिसेंबर, मध्यान्ह’ असे लिहिले आहे. फोटोत खांबाची सावली त्याच्या उंचीच्या दुप्पट आहे. तीन शक्यता मांडा आणि प्रत्येक शक्यता कशी तपासाल ते लिहा.

४. घरातील सर्वांत जुना फोटो निवडा. ‘मला दिसते ते’ आणि ‘मला वाटते ते’ अशा दोन याद्या वेगवेगळ्या करा. दुसऱ्या यादीतील किती गोष्टी पहिल्या यादीच्या आधारे सिद्ध करता येतात?